मागणाऱ्याच्या घरी

आमच्या क्लबात मी मागणारा. वर्गणी मागणारा नव्हे. ते काम सगळ्यांनाच जमतं आणि कुणालाच आवडत नाही. मी डोळे मागतो. कोल्हापुरात मंगळवार पेठेत किंवा आसपास कुणी गेल्याचं कळलं की आमची तीनचार माणसं त्या घरी जातात, आणि रडणं जरा ओसरलं की घरातल्या वडीलधाऱ्यापुढे उभं राहून "डोळे द्याल का" असं विचारायचं काम माझं.

हे काम मला मिळालं ते माझ्या तोंडामुळे. माझं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. वाढदिवसाला कुणालाही सिंह करायचा आणि मेल्यावर कुणालाही देवमाणूस, हा माझा रोजचा धंदा. त्यात आवाज असा, की आमच्या नेत्रशिबिरात माइक बिघडला तरी शिबिर थांबत नाही. अध्यक्षांची शिरोलीला फाउंड्री आहे. त्यांना आयुष्यभर भट्टीवर ओरडून बोलायची सवय, मयताच्या घरी ते चालत नाही. खजिनदारांची पिठाची गिरणी. माणूस दाराएवढा, पण चारचौघांत बोलायची वेळ आली की भुवईवरचं पीठ झटकत बसतो. तेव्हा उरलो मी.

मागण्याचे आमचे काही नियम आहेत. कुणी लिहून ठेवलेले नाहीत, करता करता पडले. घरात शिरल्या शिरल्या एकानं पंखा बंद करायचा, कारण वाऱ्यानं डोळे सुकतात. एकानं पापण्या मिटून त्यावर ओला कापूस ठेवायचा आणि डोक्याखाली उशी सरकवायची. सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात, म्हणून ही तयारी आधी. घरच्यांनी नाही म्हटलं तर कापूस उचलून गुमान परत यायचं. त्या घरी मागणाऱ्यानं बसायचं नाही, चहा घ्यायचा नाही. घरातल्या एका माणसाचीही ना असेल तर दुसऱ्यांदा विचारायचं नाही. घरचे आपणहून देतील अशी वाट बघायची नाही. दुःखातल्या माणसाला कसं सुचणार, आपण मागावंच लागतं. आणि शेवटचा नियम माझ्यासाठीच केलेला: नेत्रपेढीची माणसं आत दार लावून काम करत असतात, तेवढा वेळ मागणाऱ्यानं दाराबाहेर घरच्यांना बोलण्यात गुंतवायचं. हत्यारांचा बारीक आवाज त्यांच्या कानावर पडू नये. मी तिथं गेलेल्या माणसाच्या गमती काढून द्यायचो. कित्येक घरांत लोक त्या बंद दाराबाहेर हसलेले मी पाहिलेत.

बायकोला या सगळ्याचं फार कौतुक होतं असं नाही. ती घरी ब्लाउज शिवायची. नजर अशी, की बाई उंबऱ्यात उभी राहिली की हिनं खांद्याचं माप सांगावं, आणि टेप लावल्यावर टेपच चुकल्यासारखा वाटावा. चाळिशी लागली तेव्हा शिबिरातल्या चष्म्यांच्या खोक्यातून तिनं स्वतःसाठी एक जाड काड्यांचा पुरुषी चष्मा निवडला. मी म्हटलं, अगं, यात तू हवालदार दिसतेस. म्हणाली, "दिसंना का. सुई तर घाबरंल."

मी कुठल्या तरी घरून मागून आलो की ती मशीनवरून मान न उचलता विचारायची, "दिलं?"

"दिलं."

"साऱ्या गावाचं डोळं मागत फिरतायसा. माजं कवा मागणार?"

"तुझे मागायची माझी काय टाप? तू वटारलेस की मी तिथंच गार."

"मागून तर बघा."

"आधी मी जाणार. माझा नंबर होऊ दे, मग तुझं बघू."

"तुमी कुठलं जातायसा! तुमाला न्यायला आल्यालं बी तुमची बडबड ऐकत बसंल."

मशीन पुन्हा खडखडायला लागायचं. आम्हाला मूलबाळ नाही. घरात आवाज करायचे दोघंच, मी आणि ते मशीन.

आता माझा गाजलेला किस्सा सांगतो, कारण पुढं तो लागणार आहे. माझ्या सासूबाई, म्हणजे मामी, राधानगरीकडच्या. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. भात लावायचं ते हाताच्या अंदाजानं, म्हशीची धार काढायची ती आवाजाच्या अंदाजानं. आमच्या शिबिरातून त्यांना कोल्हापूरला आणून पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन केलं. पट्टी सोडताना आम्ही एक नाटक करतो. पेशंटला खुर्चीत बसवायचं, घरची माणसं समोर रांगेत, आणि मी पुकारा करतो: "पडदा उघडतोय हो!" तशी मामींची पट्टी सोडली. त्यांनी डोळा किलकिला केला, माझ्याकडे निरखून बघितलं आणि भर हॉलमध्ये म्हणाल्या, "जावय एवढा काळा हाय व्हय? लगीन ठरवताना ह्यो उजेड कुठं गेलता?"

प्रत्येक शिबिरात मी हे सांगतो. प्रत्येक शिबिरात हशा होतो. पहिल्या ओळीनंतर किती थांबायचं, "काळा" म्हणताना स्वतःच्या गालावरून हात कसा फिरवायचा, सगळं बसलेलं आहे.

मागच्या वैशाखात बायको गेली. सकाळची वेळ. ती मशीनवर होती. "जरा पाणी द्या," म्हणाली. मी भांडं घेऊन आलो तर तिचं डोकं मशीनवर टेकलेलं, सुईखाली कुणाच्या तरी हिरव्या ब्लाउजची बाही. बोळातले डॉक्टर धावत आले, त्यांना जे सांगायचं होतं ते त्यांनी सांगितलं. पाण्याचं भांडं अजून माझ्या हातात होतं. ते मी प्यालो.

त्यानंतरचं मला सगळं आठवतं, पण दुसऱ्या कुणाचं आठवावं तसं. दाढ काढण्याआधी हिरडीत इंजेक्शन देतात, मग जिभेनं गाल चाचपला तर तो आपला वाटत नाही. तसं ते झालं होतं, फक्त गालापुरतं नाही. मला खुर्ची दिली, मी बसलो. तिला खाली निजवलं. बाया आल्या, रडल्या. माझ्या मनात काय चाललं होतं? बाहेर चपला फार झाल्यात, आता माझी कुठली ते सापडणार नाही. मामींना निरोप गेला होता, गावातली जीप करून त्या निघाल्या होत्या. त्यांना आणि मला सोडून तिचं असं दुसरं कुणी नव्हतं.

मग क्लब आला.

अध्यक्ष आले, खजिनदार आले. दारात थबकले, माझ्याकडे बघून मान खाली घातली. आणि खजिनदारांचा हात भिंतीवरच्या बटणाकडे गेला.

त्यांची चूक नाही. मयताच्या घरात शिरलं की त्यांचा हात आपोआप तिकडे जातो. पंखा घरघरत थांबला. खोलीत वीसेक बाया, वैशाखाचं ऊन, पत्रा तापलेला. शेजारच्या काकी, साठीच्या, तोंडानं तोफ, पदरानं घाम पुसत उठल्या आणि पंखा लावला. खजिनदारांनी काकींची पाठ फिरेपर्यंत वाट बघितली. बंद केला. काकींनी लावला. खजिनदारांनी बंद केला.

"अवो पावणं," काकी कडाडल्या, "बाया गुदमरायल्यात हितं! लाइटबिल तुमी भरतासा व्हय?"

खजिनदार भुवई झटकायला लागले. आज तिथं पीठ नव्हतं.

"मग का बंद करायलायसा?"

"न्हाई… म्हंजे… वारं नको."

"कुणाला वारं नको? तिला?" काकींनी खाली निजलेल्या माझ्या बायकोकडे हात केला. "तिला काय सर्दी हुणार हाय आता?"

आणि हे म्हणून त्या स्वतःच हुंदका देऊन रडायला लागल्या, आणि रडत रडत त्यांनी पंखा लावला.

मी खुर्चीत बसून बघत होतो. एखाद्या चांगल्या नाटकाला पुढच्या रांगेत जागा मिळावी तसा. हे नंतर रंगवून सांगता येईल, असं सुद्धा माझ्या मनात येऊन गेलं. आणि लगेच, सांगायचं कुणाला, ती मशीनवर नाही, हेही आलं. दोन्ही सारख्याच आवाजात आलं.

तेवढ्यात अध्यक्ष तिच्या उशाशी बसले. कापूस ओला केला, तिच्या पापण्यांवर ठेवला, अलगद उशी सरकवली. भट्टीवरचा माणूस, पण हात हलके. काकींनी ते पाहिलं. त्यांनी आपल्याच हातानं बटण बंद केलं. बोळातल्या सगळ्यांना आमचं काम माहीत होतं. पंखा बंद झाला तो मग बंदच राहिला, बाया पदरानं वारा घेत बसल्या.

आता फक्त मागायचं राहिलं होतं.

आणि इथं आमच्या क्लबाचं खरं रूप उघडं पडलं. इतक्या वर्षांत मागायला दुसरं कुणी शिकलंच नव्हतं. मागणारा एकच, आणि तो खुर्चीत. अध्यक्षांनी नेत्रपेढीला फोन करून ठेवला होता, त्यांची गाडी बोळाच्या तोंडाशी येऊन थांबली होती. पण त्यांना आत कोण बोलावणार? कोपऱ्यात कुजबुज झाली. मग खजिनदारांना पुढं ढकललं. ते माझ्यासमोर उकिडवे बसले. एवढा मोठा माणूस उकिडवा बसला की हलायला लागतो.

"आपलं ते…" ते म्हणाले.

"काय?"

"न्हाई, आपलं ते… तुमी…"

मी वाट बघितली.

"च्या घेतासा का?"

"द्या."

शेजारून आलेला चहा त्यांनी माझ्या हातात दिला आणि निघून गेले. थोड्या वेळानं अध्यक्ष आले. त्यांनी घसा खाकरला, खांद्यावर हात ठेवला, खिडकीबाहेर बघितलं आणि विचारलं, "च्या घेतलासा?" मी कप दाखवला. "आनि एक घ्या," म्हणून त्यांनी दुसरा दिला. पुन्हा खजिनदार आले. तिसरा. माझ्या खुर्चीखाली कप मांडले गेले आणि भिंतीवरचं घड्याळ पुढं सरकत राहिलं.

मी स्वतःच का बोललो नाही? पेठेतल्या लोकांनी नंतर मला हे विचारलं. खरं सांगायचं तर माझं ठरलेलं होतं: घरचे आपणहून देत नाहीत, मागावं लागतं. मी त्या दिवशी घरचा होतो. मी मागण्याची वाट बघत होतो. शिवाय द्यायचे की नाहीत, हे मला कुठं माहीत होतं? ती "मागून तर बघा" म्हणाली होती. "देईन" म्हणाली नव्हती. आणि मामी वाटेत होत्या.

दुपारी जीप आली. मामी उंबऱ्यातच बसल्या, तिथूनच लेकीचं नाव घेऊन हंबरल्या, मग दोघी बायांनी धरून त्यांना आत आणलं. काळ्या गॉगलची सवय त्यांनी ऑपरेशननंतर सोडली नव्हती. तो काढून त्यांनी बाजूला ठेवला. लेकीच्या तोंडावरून हात फिरवला. हात कापसाला लागला.

"ह्ये काय घाटलंय डोळ्यावर?"

अध्यक्ष खिडकीबाहेर बघत होते. खजिनदार माझ्याकडे. चौथा कप त्यांच्या हातात होता.

मी उठलो. पायात चपला नव्हत्या, तरी दारातल्या सवयीनं पाय झटकले. मामींच्या समोर जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "मामी, तुमच्या घरावर आज जे कोसळलंय, त्यात आम्हाला वाटेकरी होता येणार नाही." हे माझं नेहमीचं पहिलं वाक्य. मग नेहमीप्रमाणे थोडं थांबलो. "पण जाणारं माणूस जाता जाता दोघा आंधळ्यांना उजेड देऊन जाऊ शकतं." इथं आवाज खाली येतो, आला. हात कुठं जोडायचे ती जागा आली, जोडले. सगळं बिनचूक झालं. माझ्या आवाजाला कंप असा नव्हताच. मी ऐकत होतो आणि मला वाटत होतं, छान बोलतोय हा.

मामींनी मान वर केली. मग म्हणाल्या, "जावयबापू, मला कुणाचं घर म्हनून सांगायलायसा?"

माझ्याकडे सगळ्या प्रश्नांची उत्तरं असतात. पुढच्या जन्मी आंधळी होईल का? चेहरा विद्रूप होतो का? वय चालतं का? त्या काय विचारतील याची मी तयारी करून उभा होतो.

त्यांनी विचारलं, "हिला इचारलं हुतासा?"

"नाही."

"साऱ्या जिल्ह्याला इचारलासा. हिला न्हाई?"

"नाही, मामी. चेष्टेवारी नेलं. ती म्हणायची मागा, मी म्हणायचो नंतर."

खोलीत नुसता पदरांचा फडफडाट. एका माणसाची ना असेल तर दुसऱ्यांदा विचारायचं नाही, हा आमचा नियम. मामींनी अजून ना म्हटलं नव्हतं. पण दुसऱ्यांदा विचारण्यासारखं माझ्याजवळ काही उरलं नव्हतं. पाठ केलेलं संपलं होतं.

मामींनी दोन्ही डोळ्यांवरचा कापूस उचलला. अंगठ्यानं एक पापणी जराशी वर केली आणि वाकल्या. आम्हीच बसवलेल्या भिंगातून त्या लेकीच्या डोळ्यात बघत होत्या. मग त्यांनी पापणी मिटली, तांब्यातल्या पाण्यात कापूस बुडवला, पिळला आणि होता तसा ठेवला. दुसराही ठेवला.

"न इचारता हिच्या कातरीला हात लावलेला चालत न्हवता," त्या म्हणाल्या. "डोळं न्हेलं तर भांडंल ही. लई भांडंल."

"होय."

"भांडू दे. माज्यासंगं भांडंल. मी आई हाय, मी खाईन शिव्या." त्यांनी पदरानं हात पुसले. "न्या. म्या दिलं म्हनून सांगा."

अध्यक्ष बोळात धावले, आणि पहिल्यांदाच त्यांचा भट्टीवरचा आवाज कामाला आला. नेत्रपेढीची दोन माणसं पेटी घेऊन आली. सगळ्यांना बाहेर काढून दार लावलं.

बाहेर मामी जिन्याच्या पायरीवर बसल्या, त्यांच्या शेजारी मी. आतून काहीतरी धातूचं ताटलीत ठेवल्याचा आवाज आला. मला तो आवाज ओळखीचा. आजवर मी तो दुसऱ्यांसाठी झाकत आलो होतो. मी तोंड उघडलं, पण आत काही नव्हतं. आणि मग, सांगून खोटं वाटेल, खजिनदार आमच्यासमोर येऊन उभे राहिले. त्यांनी भुवई झटकली. आणि मोठ्यानं बोलायला लागले.

"ते एकदा… शिबिरात… मामींची पट्टी सोडली बगा. तर मामी म्हनल्या… जावय काळा हाय." ते थांबले. काहीतरी राहिलं हे त्यांना कळलं. "लई काळा हाय, म्हनल्या. उजेडात."

माझा एवढा मुरवलेला किस्सा त्या माणसानं पार उलटा सोलून ठेवला. कुणी हसलं नाही. काकींनी कपाळाला हात लावला. खजिनदारांच्या नाकाच्या शेंड्यावरून घामाचा थेंब पडला, तरी ते मागं हटेनात. आतला आवाज येत होता आणि ते त्याच्यावर बोलत होते. "लगीन ठरवताना उजेड न्हवता," ते म्हणाले. "वीज गेलती, असं काईतरी."

"तसं न्हवतं म्हनलं मी," मामी म्हणाल्या.

"मग?"

"ह्ये जावयबापूंनी रचलंय. मला ह्येंचं तोंड दिसलंच न्हवतं आधी. म्होरं लेक हुती." मामी पायरीकडे बघत बोलत होत्या. "हिच्या भांगात पांढरं हुतं. मी म्हनलं, अगं, तुजं केस कवा पिकलं? मला सांगितलं न्हाईस? तर म्हनली, तुला दिसत न्हवतं, कशाला सांगू. म्हातारी व्हायला लागलीया म्हनून तुला उगं घोर लागला असता."

मी तिथं होतो. रांगेत, तिच्या शेजारी. मला यातलं एक अक्षर आठवत नव्हतं. मी तेव्हा पडदा उघडत होतो.

"आनि मग?" खजिनदारांनी विचारलं. आतलं अजून संपलं नव्हतं, त्यांना बोलणं चालू ठेवायचं होतं.

"मग काय. मी हिचं डोस्कं मांडीवर घिऊन पांढरं निवडत बसलो. तिथंच. दवाखान्यात. ह्ये माइकवर वरडतायत आनि आमी दोगी आपल्या बसलोय."

मामी हसल्या. हसताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. काकी हसल्या, रडल्या. मी हसण्यासारखं तोंड केलं. मला ते जमतं. आत, इंजेक्शन दिलेलं होतं तिथं, अजून काही लागत नव्हतं. एवढंच वाटलं की हे मला आधी कळायला हवं होतं. तिला विचारलं असतं तर सांगितलं असतं.

त्या दिवसापासून आमच्या क्लबात मागणारे दोघं आहेत. खजिनदार अजून वाईट मागतात, पण लोक त्यांना देतात.

दार उघडलं. आम्ही आत गेलो. तिचा चेहरा होता तसाच होता, पापण्या मिटलेल्या, कापूस नव्हता. बाया पुन्हा भिंतीकडेनं बसल्या. काकी बटणापाशी गेल्या, पण हात वर नेऊन थांबल्या आणि माझ्याकडे वळल्या.

"आता लावू?"

"लावा, काकी."

पंखा सुरू झाला. त्याचं एक पातं कधीपासून खडखडत होतं. ते नीट करा म्हणून ती माझ्या मागं लागली होती. तो तसाच खडखडत फिरत राहिला. बायांनी पदर खाली ठेवले, आणि मामींनी मला हातानं खूण करून लेकीच्या उशाशी बसायला जागा करून दिली.